रक्तदाब आणि परिचारिकेचा अधिकार
उच्च रक्तदाब, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून वर राहणारा दाब, बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडे निकामी करत जातो; म्हणूनच बेळगाव तालुक्यातील कडोलीसारख्या शेतकरी गावात, जिथे सुगीच्या दिवसांत दवाखाना सहज मागे पडतो, खरी अडचण निदानाइतकीच वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्याचीही असते. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे बहुतेक ठिकाणी सामुदायिक आरोग्याचे जादा प्रशिक्षण घेतलेली परिचारिका, नेमली जाऊ लागली. ती दाब मोजते, नोंद ठेवते, डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या देते आणि न फिरकलेल्या रुग्णाला आशाताईंकरवी बोलावून घेते. लोणचे-पापडातले मीठ कमी करा, बरे वाटले तरी गोळी सोडू नका, हे सीमाभागातल्या म्हातारीला तिच्या मराठीत पटवणे हे उपचाराचेच अंग आहे आणि त्याला दुय्यम लेखणे सर्वस्वी चूक आहे. तरीही दाब आटोक्यात नसल्याचे दिसूनसुद्धा औषधाची मात्रा वाढवण्यासाठी तिला सामान्यतः डॉक्टरांवरच अवलंबून राहावे लागते, तर इंग्लंडमध्ये २००६ पासून विशेष प्रशिक्षित परिचारिका स्वतःच्या अधिकारात औषधे लिहून देतात. ठरवून दिलेल्या औषधक्रमाच्या चौकटीत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा वाढवण्याचा एवढा मर्यादित अधिकार येथील परिचारिकेलाही मिळायला हवा, कारण केवळ चिठ्ठीसाठी डॉक्टरांकडे जायचे म्हटले की रोजंदारीवरचा रुग्ण उपचारच लांबणीवर टाकतो.