नाटक जरूर करा, मंजुरी लेखी घ्या

नोकरी सांभाळून नट होता येते. अमरीश पुरी कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरी करीतच रंगभूमीवर घडले. आमचे बंधुभगिनींना सांगणे एवढेच : आधी इन्स्टिट्यूटच्या एकांकिकेत उभे राहा, रोज मोठ्याने वाचून आवाज व उच्चार कमवा, मग राज्य नाट्य स्पर्धा गाठा.

नियम मात्र पाठ हवा. टपालाचे १९६४ चे व रेल्वेचे १९६६ चे वर्तणूक नियम पाहा. नियम १५ प्रमाणे प्रासंगिक कलाकार्याला पूर्वमंजुरी लागत नाही. मानधन घ्यायचे तर लागते. मालिकेच्या मोहापायी चार्जशीट ओढवून घेऊ नका. रीतसर अर्ज करूनही साहेबांनी विनाकारण अडवले, तर शाखेकडे या. ड्यूटीला बाधा येत नसेल तर कला हा कामगाराचाही हक्क आहे.