दप्तर स्कॅन झाले म्हणजे जतन झाले?

२०२३ च्या उत्तरार्धात मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि निजामकालीन दप्तरांचे रुमाल सुटले. मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. पाने स्कॅन झाली, संकेतस्थळांवर चढली. तेव्हापासून इतिहासप्रेमी मंडळींत एक समाधान पसरले आहे: दप्तर आता सुरक्षित झाले. हा धागा त्या समाधानाच्या विरोधात आहे.

आधी भूगोल पाहू. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. नांदेडमधील किनवट आदिलाबादेत होते. उलट नांदेडचा मुधोळ तालुका राज्यपुनर्रचनेत आंध्र प्रदेशाकडे गेला. लातूर हा स्वतंत्र जिल्हा तर १९८२ चा. म्हणजे उदगीरच्या एखाद्या घराण्याला आपल्या जमिनीचा मागोवा घ्यायचा, तर लातूर, बीदर आणि हैदराबादेत तारनाका येथील राज्य अभिलेखागार अशी तीन राज्यांतील तीन दारे ठोठवावी लागू शकतात.

तेव्हा पानाचे छायाचित्र काढणे हा प्रश्नाचा सोपा भाग. तीन ठिकाणच्या यंत्रांना परस्परांच्या फाइली उघडता येतील का, आणि पन्नास वर्षांनीही येतील का, हा खरा प्रश्न. या प्रश्नालाही इतिहास आहे, चाळीस वर्षांचा.

१९८४ साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, घडवली. दूरच्या यंत्रावरील फाइल आपल्याच यंत्रावर असल्यासारखी उघडावी, एवढाच हेतू. अडचण अशी की निरनिराळ्या बनावटीची यंत्रे एकच आकडा निरनिराळ्या क्रमाने साठवत. एकाचे डावे ते दुसऱ्याचे उजवे. म्हणून तारेवरून जाताना सर्वांनी एकच क्रम पाळावा, असा नियम बांधला गेला. मार्च १९८९ मध्ये एनएफएसची नियमावली आरएफसी १०९४ या क्रमांकाने सर्वांसाठी प्रसिद्ध झाली.

यात औदार्य शोधण्याचे कारण नाही. सनला संगणक विकायचे होते आणि ते इतरांच्या यंत्रांशी जोडले गेल्याशिवाय विकले जाणार नव्हते. शिवाय नियम उघड झाले तरी ते बदलण्याची लेखणी कंपनीच्याच हाती होती. निर्णायक घटना घडली ती मे १९९८ मध्ये. आरएफसी २३३९ या करारान्वये एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीचे नियंत्रण इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सकडे गेले. या संस्थेला सभासद नाहीत; जो येतो तो व्यक्ती म्हणून येतो, आणि तिची कागदपत्रे कोणालाही फुकट वाचता येतात. डिसेंबर २००० मध्ये चौथी आवृत्ती आली. जानेवारी २०१० मध्ये सन ही कंपनी ओरॅकलमध्ये विलीन झाली आणि त्याच महिन्यात ४.१ ही पुढची आवृत्ती प्रसिद्ध झाली. मालक गेला, नियम राहिले.

दुसऱ्या बाजूला मायक्रोसॉफ्टची फाइल-वाटप पद्धत होती. तिचे पूर्ण नियम बाहेरच्यांना उपलब्ध नव्हते. ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू ट्रिजेल यंत्रांमधील संभाषण तारेवर टिपून, ताडून, तिचा अर्थ लावत बसला. शिलालेख वाचणारे करतात तेच काम. त्यातून सांबा ही प्रणाली उभी राहिली. युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला, त्याच्या कारणांपैकी एक ही माहिती दडवणे हे होते. सांबाच्या मंडळींच्या हाती अधिकृत कागद पडण्याची वाट २००७ च्या अखेरीस मोकळी झाली.

यात मराठीचा काय संबंध, असे विचारले जाईल. एनएफएसच्या जुन्या आवृत्त्यांत फाइलचे नाव ही नुसती बाइटांची रांग होती. ती कोणत्या लिपीची, हे नियम सांगत नव्हता. चौथ्या आवृत्तीने नावे यूटीएफ-८ मध्ये असावीत असे ठरवले आणि ‘फेरफार_निलंगा’ हे नाव प्रथमच नियमाने वैध झाले. त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते? प्रत्येक फॉन्ट विकणाऱ्याचा संकेत वेगळा. एका डीटीपी केंद्रात जुळवलेला मजकूर दुसरीकडे रोमन अक्षरांचा कचरा होऊन उघडे. मोडी अवाचनीय व्हायला पिढ्या लागल्या. नव्वदच्या दशकातील मराठी फाइलींना पंधरा-वीस वर्षे पुरली.

खुल्या नियमानेही सारे सुटत नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. त्याआधी ‘अ’ला चंद्र जोडून ते लिहीत, आजही अनेक जण तसेच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन भिन्न. एका प्रकारे नाव दिलेली ‘ॲक्ट’ ही फाइल दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडेलच असे नाही. असे खाचखळगे मराठी लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतात. नांदेडात १९८१ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९९४ पासून विद्यापीठ आहे. नियम जिथे घडतात त्या खोलीला दारही नाही. तरीही प्रमाणके ही परक्यांची बाब मानून इतिहासाचा विद्यार्थी मोडीच्या वर्गाला जातो आणि फाइलीचा विषय संगणकवाल्यांवर सोडतो.

अभिलेखागारांमधील देवाणघेवाण एनएफएसनेच व्हावी असे मुळीच नाही. ती मुख्यतः एका संस्थेच्या आतील साठ्याची सोय. मात्र नियम कोणाच्या हाती, ही कसोटी सगळीकडे तीच. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या प्रमाणकांचे धोरण २०१० मध्येच स्वीकारले आहे. त्याच्या आधारे नांदेड व लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयांना विचारता येईल: स्कॅन कोणत्या स्वरूपात ठेवले आहेत? गाव, साल व खातेदार यांची सूची युनिकोडमध्ये आहे, की नुसती चित्रे? आणि ती सूची बीदर व आदिलाबादच्या सूचीशी जुळवता येईल का? माहिती अधिकाराच्या अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.