विश्लेषण : युरोपच्या बास्केटबॉलमध्ये पुन्हा दोन विजेते?

युरोपात नवी लीग सुरू करण्याची शक्यता तपासत असल्याचे एनबीए आणि आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने (फिबा) मार्च 2025 मध्ये जाहीर केले. युरोलीग आधीपासून असताना बडे क्लब कुठे खेळणार, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. असाच पेच 2000-01 च्या हंगामातही पडला होता.

तेव्हा काय घडले?

1958 पासून ही सर्वोच्च क्लब स्पर्धा फिबा भरवत असे. उत्पन्नात आणि कारभारात मोठा वाटा हवा असलेल्या क्लबांनी ‘यूलेब’मार्फत वेगळी स्पर्धा काढली. ‘युरोलीग’ या नावाची नोंदणी फिबाने केलेलीच नव्हती. ते नाव यूलेबने घेतले. फिबाची स्पर्धा मग ‘सुप्रोलीग’ झाली.

विजेता कोण?

रेआल माद्रिद, बार्सिलोना युरोलीगमध्ये गेले. पॅनाथिनाइकोस, मकाबी तेल अवीव फिबासोबत राहिले. युरोलीग किंडर बोलोन्याने, तर सुप्रोलीग मकाबीने जिंकली. दोघांत श्रेष्ठ कोण, हे मैदानावर ठरलेच नाही.

आज वेगळे काय?

सुप्रोलीग एका हंगामातच संपली आणि बडे क्लब युरोलीगमध्ये एकत्र आले. तेव्हा फिबा एकटी होती. आता तिच्यासोबत एनबीए आहे. त्यामुळे या वेळी फूट पडलीच, तर ती वर्षभरात मिटेल याची खात्री नाही.