शंभर भेकांचा धडा

शेतकरी बंधूंनो, उसातल्या हुमणीवर इलाज म्हणून कोणी बाहेरचा प्राणी आणायला सांगितलं, तर आधी ऑस्ट्रेलियाची गोष्ट आठवा. १९३५ साली तिथल्या क्वीन्सलँड राज्यात हवाई बेटांवरून सुमारे शंभर विषारी भेक आणले. भेक भुंगेरे खातील, हुमणी हटेल, असा हिशोब. पण भुंगेरे बसले उसाच्या शेंड्याला आणि भेक राहिले जमिनीवर! हुमणी काही हटली नाही. भेक मात्र आज कोट्यवधी झालेत. ते खाऊन तिथल्या घोरपडी, साप मेले.

एकाच वळूची पैदास ठेवली की कळप कमजोर होतो, हे आपण गोठ्यात पाहतो. हे भेकही मूठभर आईबापांची प्रजा. त्यांच्यात आनुवंशिक विविधता कमीच. तरी ते पसरले; आघाडीवरच्यांचे पाय तर लांब झाले. तेव्हा "थोडेच आणू, पुढं आपोआप संपतील" या भरवशावर राहू नका.

त्यापेक्षा वळवाच्या पावसानंतर रात्री कडुनिंब, बाभळीच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करा, रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. ग्रामपंचायतीनं सारा गाव एकत्र काढावा. एकट्याच्या बांधापुरतं हे काम नाही.