चालीचा घोडा घेताना

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तिथे रेवाल चालीच्या घोड्याला दाम जास्त पडतो. या चालीत एका अंगाचे पुढचे-मागचे पाय जवळपास बरोबर उचलले जातात, म्हणून स्वाराला हिसके बसत नाहीत. पण विकणाऱ्याचा तरबेज स्वार मऊ मातीवर दाखवील ती चाल पाहून इसार देऊ नका. दुखणे इंजेक्शनाने काही काळ दबते. दुसऱ्या दिवशी सकाळी घोडा खोगिराविना, ढिल्या दोरीने कडक रस्त्यावर चालवून पाहा. पुढचा पाय टेकताना डोके वर उडाले, तर तो पाय दुखरा समजा. भोवरे पाहण्यात तासभर घालवणारे लोक खूर मात्र उचलून पाहत नाहीत!

ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. हा रोग माणसालाही होतो. घोड्यात ठरला की जनावर मारावे लागते. विकणाऱ्यांनीही दाखला आधीच काढावा. रक्ताचा नमुना तपासणीला बाहेर पाठवावा लागतो, तेव्हा यात्रेच्या आदल्या दिवशी दवाखाना गाठून भागत नाही.