पडदा काळा पडला म्हणून तास बुडवायचा?

लोकवर्गणीतून आणलेला प्रोजेक्टर धूळ खात पडलाय आणि थकलेल्या बिलापायी वीज तोडलीय, ही आपल्या कितीतरी ‘डिजिटल’ शाळांची अवस्था. अशा वेळी बाईंनी स्वतःचा मोबाइल काढून तास पुढे नेला, की नाकं मुरडणारे हजर!

त्यांचा पहिला आक्षेप असा, की मोबाइलनं मुलं बिघडतात. भीती अगदीच निराधार नाही. ‘असर’च्या २०२४च्या ग्रामीण पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. पण हा हिशोब मुलांच्या हातातल्या फोनचा. बाईंच्या टेबलावरच्या फोनवर कोण रील बघत बसणार? फ्रान्सनं २०१८मध्ये शाळांत मोबाइलबंदीचा कायदा केला, त्यातही शिकवण्यासाठीच्या वापराला वाट ठेवलीच.

दुसरा आक्षेप: खडू-फळा आहे की! आहेच. भागाकाराला फोन लागत नाही, आणि तिथं तो काढणाऱ्या शिक्षकाची मी बाजू घेणार नाही. पण ग्रहण शिकवायचंय? खिडक्या लावा, फोनचा टॉर्च पेटवा, एका मुलाच्या हाती चेंडू द्या. चेंडूची सावली दुसऱ्याच्या गालावर पडते आणि वर्गात एकच गलका उठतो. कविता ऐकवायची तर फोन रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात उभा करा, मागच्या बाकापर्यंत आवाज जातो. शिवाय बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापलेत, ते वाचायला फोनच लागतो. तो वर्गात नकोच, तर ते छापले कुणासाठी? मात्र धडा ‘दीक्षा’ ॲपवर आदल्या दिवशीच उतरवून ठेवावा. गावात वीज गेली की पाठोपाठ टॉवरही मान टाकतो.

खरा वजनदार आक्षेप तिसरा: बाईंच्या फोनवर भागतंय म्हटल्यावर प्रोजेक्टर दुरुस्त करायचा कशाला, असं वरचे म्हणतील. म्हणतीलच, आपल्याकडे तात्पुरती सोय कायमची व्हायला वेळ लागत नाही. पण त्यावर उपाय म्हणून तास बंद पाडणं म्हणजे साहेबांच्या आळसाची शिक्षा पोरांना. त्यापेक्षा यंत्र कधी बंद पडलं आणि कुठला तास बाईंच्या फोनवर झाला, हे त्याच दिवशी तारीख घालून नोंदवहीत लिहावं, शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवावं. आणि रिचार्जचे पैसे शाळेच्या अनुदानातून मागावेत, न लाजता. खडूचे पैसे बाई पदरचे घालत नाहीत, मग डेटाचे का घालायचे?