महाडचा दावा

वरंध घाटाच्या पायथ्याकडील गांवांस कोर्ट म्हणजे महाड. बांधाचा तंटा असो वा वारसाचा, कागदांचें बोचकें काखेस मारून तेथें उतरावें, तारीख घ्यावी व परतावें. सहलीस गेलेलीं मुलें चवदार तळें पाहून येतात. परंतु त्या तळ्याचा दावा महाडच्याच न्यायालयांत उभा राहिला, हें त्यांस क्वचितच कोणी सांगतो. ही उणीव आम्हांस खटकते.

नगरपालिकेनें १९२४ सालीं तळें सर्वांस खुलें केलें खरें, पण ठराव कागदावरच राहिला. ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर व त्यांच्या समवेतच्या दलित बांधवांनीं तेथील पाणी प्राशन केलें. लागलीच मंडळींवर हल्ला झाला व मागाहून तळें ‘शुद्ध’ करण्यांत आलें! गुरांचें तोंड लागलेलें पाणी ज्यांस चाले, त्यांस माणसाच्या ओंजळीचा विटाळ झाला. (शुभवर्तमानांतील याकोबाची विहीर आमच्या वाचकांस ठाऊक आहेच.) ऑगस्टांत नगरपालिकेनें ठरावही मागें घेतला. डिसेंबरांत पुन्हा सत्याग्रह होणार असें दिसतांच कांहीं सवर्ण गृहस्थांनीं दिवाणी दावा लाविला: तळें खासगी आहे, व अस्पृश्यांस तेथें मज्जाव असण्याची वहिवाट अनादि आहे. ता. १४ रोजीं तात्पुरता मनाईहुकूमही मिळाला.

येथें विद्यार्थ्यांनीं थोडें थांबावें. सहस्रावधि माणसें जमलीं होतीं; पुढाऱ्यानें शब्द टाकण्याचाच अवकाश होता. परंतु डॉ. आंबेडकरांनीं हुकूम मानिला. मिरवणूक तळ्याभोंवतीं फिरली, पण पाण्यास कोणी शिवलें नाहीं. यास कचखाऊपणा म्हणणारे निघतील. आम्हांस तें मान्य नाहीं. दावा लाविल्यामुळेंच वादींस आपली ‘अनादि’ वहिवाट पुराव्यानें सिद्ध करणें भाग पडलें, आणि ती सिद्ध झाली नाहीं. मनाईहुकूम १९२८ च्या फेब्रुवारींत उठला, ता. ८ जून १९३१ रोजीं महाडास निकाल वादींविरुद्ध लागला. १९३३ सालीं ठाण्याच्या न्यायालयानें, व ता. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व वाडिया यांनीं तोच कायम केला.

तरी नऊ वर्षांहून अधिक काळ लोटला, हें लपवूं नये. तहान तारखांसाठीं थांबत नसते.

महाड हें पुराचें गांव. २०२१ च्या जुलैंत तेथें काय झालें, हें आपण जाणतोंच. अशा ठिकाणीं जुनीं दप्तरें केव्हां भिजतील याचा नेम नाहीं. म्हणून हायकोर्टाच्या निकालाची मराठी प्रत या खोऱ्यांतील प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयांत असावी, असें आमचें आग्रहाचें म्हणणें आहे. आणि आपल्या गांवच्या विहिरीवर कोण पाणी भरीत असे व कोणास दूर उभें राहावें लागे, तें विद्यार्थ्यांनीं घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून लिहून काढावें. पुढील वर्षाच्या अंकांत त्यास जागा देण्यास आम्ही तयार आहों.